प्लस नंबरला लेझर करावं का?

प्रश्न : डॉक्टर ताई, मी बेळगावातल्या वडगावची, वय ४२. घरात पॉवरलूम आहेत, साड्या विणतो. शाळेत असताना प्लस अडीचचा चष्मा लागला होता, पण लग्नानंतर तो पेटीतच राहिला आणि काही अडलंही नाही. आता ताण्यातला तुटलेला धागा सांधताना टोक सापडत नाही, संध्याकाळी कपाळ ठणकतं, बसची पाटीही पुसट दिसते. भाच्यानं पुण्यात लेझर करून मायनस चारचा चष्मा कायमचा काढला. सोसायटीतून कर्ज काढून मीही करू का?

उत्तर : कर्जाचा अर्ज तूर्त राहू द्या.

भाच्याचं आणि तुमचं दुखणं उलट आहे. प्लस नंबरात डोळा बहुधा लांबीला थोडा आखूड असतो. तरुणपणी आतलं भिंग जोर लावून ती कसर भरून काढतं, म्हणून तुमचं इतकी वर्षं निभावलं. चाळिशीत त्या भिंगाची लवचिकता कमी होते. आधी जवळचं जातं, मग लांबचंही.

मायनसला लेझरनं कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, मधला भाग सपाट करतात. प्लसला मधला भाग सोडून भोवतीचं कडं घासतात, म्हणजे मध्य उंचावतो. जखम भरताना हे कडं थोडं बुजतं आणि काही नंबर परत येऊ शकतो. म्हणून बरेच सर्जन प्लस तीन-चारच्या पुढे जात नाहीत. तुमचा नंबर त्या आत बसेलही, पण लेझरनं लांबचं सुधारलं तरी चाळिशी तशीच राहते, आणि तुमचं पोट जवळच्या कामावर आहे. त्यात लूमच्या खोलीत सुताची कुसं उडतात. लेझरनंतर काही महिने डोळे कोरडे पडतात, त्यांना ती फार टोचतील.

खरा नंबर आधी काढा. भिंगाचा जोर थांबवणारे थेंब घालून तपासलं की अडीचचा साडेतीनही निघतो. थेंबांआधी डोळ्याचा दाब आणि कोन (डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं ती फट) बघायला सांगा, कारण आखूड डोळ्यात कोन अरुंद असू शकतो. त्यातून होणाऱ्या काचबिंदूचा धोका लेझरनं टळत नाही. थेंबांनी नजर पुसट होते, म्हणून त्या दिवशी स्कूटर नको आणि लूमही नको. तक्ता कन्नड असेल आणि वाचता येत नसेल तर स्पष्ट सांगा. आमच्याकडं लाजून ‘दिसत नाही’ म्हणणारे कमी नाहीत! ‘ई’च्या दांड्या कुठल्या बाजूला ते विचारणारा तक्ताही असतो.

मग लांबचा आणि कामाचा, दोन्ही नंबर असलेला चष्मा करा. लूमवर धागा डोळ्यापासून किती अंतरावर धरता ते घरच्या कुणाकडून टेपनं मोजून घ्या आणि तो आकडा तपासणीला घेऊन जा. बहुतेक चष्मे पुस्तकाच्या अंतरावर बेतलेले असतात. तुमचा हात त्याहून लांब जात असणार. चार-सहा महिने हा चष्मा नेटानं वापरा. त्यानंतरही लेझर हवंसं वाटलं, तर कॉर्नियाची जाडी आणि नकाशा काढून विचार करू.