‘गूळ हवं’ की ‘गूळ हवा’?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका बालवाडीच्या बाईंनी गॅदरिंगसाठी गाणं रचलंय. त्या विचारतात, ओळीच्या शेवटी सारखं ‘हवं’ येतं, ते यमक धरायचं का? कडवं असं:

मीठ हवं, पीठ हवं,
तेल हवं, गूळ हवं,
चूल पेटवायला गं
काडेपेटी एक हवी.

बाई, यमक आहे ते मीठ-पीठ या जोडीत. ‘हवं’ तोच शब्द, त्याच अर्थानं परत येतोय, ती पुनरावृत्ती. मराठी गझल लिहिणारे याला अन्त्ययमक म्हणतात (उर्दूत रदीफ) आणि त्याच्या आधी जुळतं ते यमक, म्हणजे काफिया. तेल-गूळ जुळत नाहीत. ल वेगळा, ळ वेगळा, आधीचे स्वरही वेगळे.

छंद पक्का अष्टाक्षरी आहे. मी-ठ-ह-वं, पी-ठ-ह-वं. बोलताना ‘मीठ’मधला ठ तोकडा होतो, पण मोजताना पूर्ण धरायचा. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, फक्त अक्षरं. इथल्याच राजाराम कॉलेजात शिकवलेल्या कवी माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात छंदाची हीच खूण सांगितली आहे. ‘गं’ भरीचा आहे, पण जात्यावरच्या ओव्यांतही ‘गं’, ‘बाई’ असेच येतात. राहू दे.

खरी अडचण ‘गूळ हवं’ची. मीठ, पीठ, तेल नपुंसकलिंगी, गूळ पुल्लिंगी. मार्केट यार्डात गुळाचे सौदे होतात त्या गावात ही ओळ पोरंसुद्धा सुधारून म्हणतील! मराठीत ‘हवं’चं पालुपद धरलं की प्रत्येक वस्तूचं लिंग सांभाळावंच लागतं. मला तर यातच गंमत दिसते. दुसरी ओळ अशी करून बघा:

चहा हवा, गूळ हवा,

अक्षरं आठच. आता हवं, हवा आणि शेवटी काडेपेटीला हवी, अशी तिन्ही रूपं एका कडव्यात आली. शेवटची ‘हवी’ तुम्हाला खटकत असेल, तर ती मुळीच बदलू नका. कडवं संपल्याचं कानाला तीच सांगते.

‘पाहिजे’ घातलं तर लिंगाची कटकट मिटेल, पण ‘मीठ पाहिजे, पीठ पाहिजे’ दहा अक्षरांवर जातं आणि हा रूपबदलही हातचा जातो. ‘हवं’च ठेवा. तेल पुढच्या कडव्यात घ्या.