रॉक्सडीबीची मेमरी जाते कुठे?

प्रश्न : ८ जीबी रॅमच्या सर्व्हरवर आम्ही रॉक्सडीबी (की-व्हॅल्यू जोड्या साठवणारा डेटाबेस) चालवतो. २० कॉलम फॅमिली (डेटाचे वेगवेगळे विभाग), राइट_बफर_साइझ ६४ एमबी, मॅक्स_राइट_बफर_नंबर ४, ब्लॉक कॅश (डिस्कवरून वाचलेला डेटा मेमरीत ठेवायची जागा) ३ जीबी. लोड वाढला की लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस बंद पाडणारी यंत्रणा) आमची प्रोसेस मारतो. मेमरी लीक (वापरून झालेली मेमरी परत न सुटणे) असेल का?

उत्तर : लीक शोधण्याआधी गुणाकार करा. राइट_बफर_साइझ ही एका मेमटेबलची (नवे लिखाण डिस्कवर जाण्याआधी मेमरीत जिथे साठते त्या तक्त्याची) मर्यादा, अख्ख्या डेटाबेसची नव्हे; आणि प्रत्येक कॉलम फॅमिलीचे मेमटेबल वेगळे, मॅक्स_राइट_बफर_नंबरनुसार चारपर्यंत. २० × ४ × ६४ म्हणजे ५,१२० एमबी. त्यात ३ जीबी कॅश मिळवा, रॅम संपली. एरवी सगळे मेमटेबल एकाच वेळी भरत नाहीत म्हणून निभावते. डिस्क मंदावून फ्लश (मेमटेबल डिस्कवर उतरवणे) तुंबला की गणित अंगावर येते.

एकूण मर्यादा डीबी_राइट_बफर_साइझने घालता येते. ती मुळात ० असते, म्हणजे मर्यादाच नाही. १ जीबीपासून सुरुवात करा. चालू (अजून लिखाण घेणारे) मेमटेबल मिळून या आकड्याच्या साधारण ७/८ झाले की फ्लश सुटतो. तोवर लिखाण मात्र चालूच राहते, त्यामुळे वापर काही वेळ १ जीबीच्या वरही जाईल. तो जायलाच नको असेल तर राइट बफर मॅनेजर (सर्व मेमटेबलच्या मेमरीचा हिशेब ठेवणारा घटक) स्वतः तयार करून त्यात अलाउ_स्टॉल चालू करा. लिखाण अडेल, पण प्रोसेस जगेल. त्याच मॅनेजरला ब्लॉक कॅश जोडली, तर मेमटेबलची मेमरी कॅशच्या खात्यात धरली जाते आणि लक्ष ठेवायला एकच आकडा उरतो. आम्ही हेच सुचवू.

राइट_बफर_साइझ ४ एमबीवर आणण्याचा मोह मात्र टाळा. लेव्हल ० मध्ये (फ्लश झालेल्या फायली आधी जिथे जमतात तिथे) बारीक फायलींचा ढीग साचतो : मूळ सेटिंगनुसार २० फायलींना लिखाण मंदावते, ३६ ला थांबते. एकूण मर्यादेतही थोडा हाच धोका आहे, कारण फ्लशसाठी सर्वांत मोठा नव्हे, सर्वांत जुना मेमटेबल निवडला जातो, मग तो छोटा का असेना. क्वचित लिहिल्या जाणाऱ्या कॉलम फॅमिली एकत्र करता येतील का, तेही पाहा.

प्रश्न : फ्लश होऊनही मेमरी उतरत नाही, ती का?

उत्तर : बहुतेक वेळा कुठेतरी इटरेटर (डेटा क्रमाने वाचत जाणारा) उघडा राहिलेला असतो, तो बंद होईपर्यंत जुना मेमटेबल सुटत नाही. साइझ-ऑल-मेम-टेबल्स आणि कर-साइझ-ऑल-मेम-टेबल्स या दोन प्रॉपर्टींतली तफावत म्हणजे अशी अडकलेली मेमरी. तफावत नसेल तर एस्टिमेट-टेबल-रीडर्स-मेम पाहा : इंडेक्स आणि फिल्टर (फायलीत की शोधायला लागणारी माहिती) मुळात ब्लॉक कॅशच्या बाहेर राहतात आणि फायलींबरोबर वाढत जातात.