अमेरिकेतल्या रिजनल पायलटला पगार कमी का असायचा, आणि आता तो का वाढला?

विमानावर नाव युनायटेड एअरलाइन्सचं, तिकीटही त्यांचंच, मग पायलट स्कायवेस्टचा आणि त्याचा पगार वेगळा कसा, असं तुम्ही विचारलंय. स्कायवेस्ट ही रिजनल कंपनी, म्हणजे मोठ्या कंपनीच्या नावाने छोटी विमानं उडवणारी. याचं मूळ दोन कंपन्यांमधल्या कंत्राटात आहे.

मोठी कंपनी वेळापत्रक ठरवते, तिकिटं विकते, इंधनाचा खर्च सोसते. रिजनल कंपनीला प्रत्येक उड्डाणामागे आणि तासामागे ठरलेली रक्कम मिळते, मग विमान भरून जावो की रिकामं. बऱ्याचदा विमानंही मोठ्या कंपनीचीच असतात. रिजनलच्या हातात उरते ती देखभाल, ऑफिसचा खर्च आणि माणसांचे पगार. कंत्राट मिळवायचं तर दर इथेच पाडावा लागतो.

त्यात भर सीनियॉरिटीची. ताशी दर, बेस (ड्युटी जिथून सुरू होते ते शहर), सुट्ट्या, कॅप्टनपद हे सगळं त्या कंपनीत किती वर्षं झाली यावर ठरतं. कंपनी बदलली की यादीच्या तळाशी आणि पहिल्या वर्षाच्या दरावर, मग अनुभव कितीही असो. म्हणजे जिथले पायलट जुने, ती कंपनी महाग. काम हळूहळू स्वस्त कंपनीकडे सरकतं. कॉमएअर या रिजनल कंपनीच्या पायलटांनी 2001 मध्ये 89 दिवस संप केला. 2012 मध्ये मालक डेल्टाने जास्त खर्च आणि जुनी 50 आसनी विमानं ही कारणं देऊन ती कंपनीच बंद केली. अशी कंपनी बंद पडली की पंधरा वर्षांचा कॅप्टनही दुसरीकडे नवखा ठरतो. या व्यवस्थेतला हा मला सर्वात मोठा अन्याय वाटतो.

मोठ्या कंपन्या सगळंच बाहेर देत नाहीत, कारण त्यांच्या पायलट संघटनांच्या करारात ‘स्कोप’ची, म्हणजे किती काम बाहेर द्यायचं याच्या मर्यादेची, अट असते. अमेरिकन एअरलाइन्स, डेल्टा आणि युनायटेडमध्ये बाहेर देता येणारं विमान जास्तीत जास्त 76 आसनांचं आणि 86,000 पौंड कमाल वजनाचं. म्हणून या अटीत बसणारं एम्ब्रेअर 175 हे जेट विमान सगळीकडे दिसतं. त्याचं नवं ई2 मॉडेल वजनामुळे या अटीत बसत नाही.

आता पगाराचा हिशोब. पैसे सहसा ब्लॉक तासांचे मिळतात, म्हणजे विमान गेटवरून हललं तिथपासून पुढच्या गेटवर थांबेपर्यंत. बारा तास ड्युटी आणि पाच तास ब्लॉक असेल, तर करारात किमान दिवसाची हमी नसल्यास पाचच तासांचे पैसे. महिन्याची हमी साधारण 75 तास. ताशी 22 डॉलर धरले तर वर्षाला 19,800. कोलगन एअर या रिजनल कंपनीच्या काळात नवख्या फर्स्ट ऑफिसरची (सहवैमानिकाची) मिळकत याच्या आसपास असे. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ त्या कंपनीचं विमान पडून 50 जण गेले आणि पायलटांचा थकवा व पगार संसदेपर्यंत पोचला. 2010 च्या कायद्यातून आलेल्या नियमाने 2013 पासून फर्स्ट ऑफिसरलाही 1500 तासांचा अनुभव लागू लागला. लष्करी आणि ठराविक पदवीधर पायलटांना सवलत आहे.

पगार वाढला तो पायलट मिळेनासे झाले म्हणून. जून 2022 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या एन्व्हॉय आणि पीडमाँट या रिजनल कंपन्यांनी नवख्या फर्स्ट ऑफिसरला ताशी 90 आणि कॅप्टनला 146 डॉलर देऊ केले. त्यातला काही भाग तेव्हा ठराविक मुदतीपुरता होता. 75 तासांच्या हमीने 90 चे वर्षाला 81,000 होतात. याची दुसरी बाजूही बघा: दोघांचे मिळून ताशी 236 डॉलर 50 आसनांवर वाटले तर आसनामागे 4.72, 76 आसनांवर 3.11. आधी 50 आसनी विमानं कमी होतात आणि छोट्या गावांची सेवा तुटते, त्याचं हेही एक कारण.

तुम्हाला ऑफर आली असेल तर ताशी दरासोबत महिन्याची हमी, रद्द उड्डाणाचे पैसे, बेस आणि बोनस परत करावा लागण्याची अट वाचा. कॅप्टन व्हायला एअरलाइनमधले 1000 तास लागतात, म्हणजे 75 च्या हिशोबाने तेरा-चौदा महिने. राखीव ड्युटीवर, म्हणजे गरज पडली तरच बोलावण्यासाठी, बसवलं तर त्याहून बरेच जास्त, तेव्हा नवख्याला किती महिने राखीव ठेवतात तेही विचारून घ्या.