मोरीच्या नाकावरचे ठिपके

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची. कांपालच्या तलावात रोज पोहते. यंदा तिने मिरामारच्या अर्ध-आयर्नमॅनला (पोहणं, सायकल आणि धावणं अशी शर्यत) नाव दिलंय, म्हणजे आधी १.९ किलोमीटर उघड्या समुद्रात पोहायचं. पर्थला राहणाऱ्या माझ्या भावाने तिच्यासाठी शार्कला पळवणारा चुंबकाचा पट्टा पाठवलाय, मनगटात घालायचा. आमचे हे म्हणतात, घ्यायचंच तर पायाला बांधायचं विजेचं यंत्र घेऊ, महाग असलं तरी खात्रीचं. यातलं खरंच काही चालतं का? आणि हसू नका, पण सासूबाई सांगतात की शर्यतीच्या आठवड्यात पोरीला मोरीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, आंबट-तीख कालवण देऊ नकोस, त्या वासावर दुसरी मोरी येईल.
— एक आई, म्हापसा

उत्तर : हसलो नाही, ताई. सासूबाईंच्या मुद्द्याला जरासा हसलो, पण त्याच विषयावर एका देशाच्या आरमाराने काय काय केलंय ते आठवलं आणि गप्प बसलो. तिथे शेवटी येतो.

आधी पट्टा. मी बावीस वर्षं पर्यटकांना ग्रँड आयलंडला बुडी मारायला नेलं. एकदा पुण्याचे एक गृहस्थ अगदी असाच पट्टा आमच्या होडीत विसरून गेले. फोन केला तर म्हणाले, ठेवा तुम्हालाच. घरी आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टेपलरच्या पिना पसरल्या आणि पट्टा हळूहळू जवळ नेला. चार बोटांवर असेपर्यंत पिना ढिम्म. दोन बोटांवर आल्यावर एक-दोन थरथरल्या, आणि अगदी टेकायला आल्यावर सगळ्या टुणकन उड्या मारून चिकटल्या. बायको म्हणाली, शार्कला आधी पिना गिळायला लावा.

तिने थट्टेत म्हटलं, पण मेख तिथेच आहे. चुंबकाचा जोर अंतराबरोबर भराभर ओसरतो. अंतर दुप्पट झालं की जोर निम्मा नाही, आठव्या हिश्श्यावर येतो. मनगटातला पट्टा मनगटापुरता. पोरीची पोटरी तिथून चांगली दीड मीटर लांब.

मग शार्कला चुंबक किंवा वीज का टोचावी, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी म्हापशाच्या बाजारात जा आणि ताजी मोरी हातात घ्या. नाकाडाच्या खालच्या अंगाला, तोंडाच्या पुढे, सुईने टोचल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतील. अंगठ्याने दाबलं की त्यातून पारदर्शक, चिकट गर बाहेर येतो. मी वास्कोला हे एकदा इतका वेळ करत बसलो की विकणारी बाई वैतागून म्हणाली, "बाबा, मोरी विकती घेतलो काय तपासतलो?" घेतली शेवटी. त्या ठिपक्यांचं वर्णन लोरेन्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १६७८ सालीच करून ठेवलंय. आत गराने भरलेल्या नळ्या असतात. जिवंत माशाच्या हृदयाचे आणि स्नायूंचे ठोके पाण्यात जी अगदी क्षीण वीज सोडतात, ती त्या नळ्यांना कळते. वाळूत पुरून बसलेला मासा शार्क अशीच हुडकते. मात्र ही इंद्रियं शेवटच्या टप्प्यावर, हातभर अंतरात कामाची. लांबून ती वासावर, आवाजावर आणि डोळ्यांवर येते.

विजेची यंत्रं याच इंद्रियाला त्रास देतात. त्यातली पहिली नावाजलेली कल्पना १९९०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ शार्क्स बोर्डाची. तिच्यातूनच पुढे पायाला बांधायचं यंत्र बाजारात आलं. घोट्याला बॅटरीचा डबा, त्यामागे पाण्यात लोंबणारी दोनेक मीटरची दोरी, आणि दोन टोकांमध्ये थांबून थांबून जाणारा विजेचा धक्का.

चालतं का? थोडं चालतं, आणि हे "थोडं" नीट मोजलेलं आहे. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेच्या मॉसेल बेमध्ये ग्रेट व्हाइट शार्कवर ते घोट्याचं यंत्र तपासल्याचं प्रसिद्ध झालं. आमिषाजवळ यंत्र ठेवलं तेव्हा शार्क पहिल्या फेरीत सरासरी १३१ सेंटीमीटरवर येऊन वळली. पुढच्या प्रत्येक फेरीला मात्र साधारण १२ सेंटीमीटर आणखी जवळ. सवय होते हो, जनावराला पण. घराबाहेरचं कुत्रं पोदेरच्या (पाववाल्याच्या) भोंग्याला पहिल्या दिवशी भुंकतं, आठव्या दिवशी मान पण वर करत नाही.

दुसरी तपासणी २०१८ची, ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या मंडळींची, नेपच्यून बेटांपाशी. सर्फिंगच्या फळीसारख्या फळीला आमिष लावून २९७ वेळा प्रयोग केले, ४४ वेगवेगळ्या शार्कवर. पाच वस्तू होत्या : दोन विजेच्या, दोन चुंबकाच्या (त्यात मनगटाचा पट्टा), आणि एक फळीला चोळायचं मेण. त्या मेणात लवंग, मिरची, कडुनिंब, निलगिरी! आमच्या आजीने सर्दीवर दिलं असतं. मेणाने काही झालं नाही. चुंबकाने काही झालं नाही. विजेच्या दोनपैकी एकानेच फरक दाखवला. साध्या फळीचं आमिष शंभरात ९६ वेळा खाल्लं गेलं, त्या यंत्राच्या फळीचं ४० वेळा.

तुमच्या ह्यांना हा आकडा दाखवा. निम्म्याहून जास्त धोका टळतो, म्हणून ते खूश होतील. तुम्ही ४० वर बोट ठेवा. दोघंही बरोबर असाल. "खात्रीचं" हा शब्द तेवढा मागे घ्यावा लागेल.

तुमच्या भावाच्या बाजूनेही एक सांगतो. त्याने उगाच काळजी केली असं नाही. पर्थच्या समुद्रात ग्रेट व्हाइट खरोखर येते, माणसं दगावली आहेत, आणि तिथल्या राज्य सरकारने २०१७ साली विजेचं यंत्र घेणाऱ्याला २०० डॉलर परत द्यायला सुरुवात केली. तिथे किनाऱ्यापासून लांब बुडी मारणाऱ्याने ते बांधलं तर मी शहाणपणा म्हणेन. पण तेच माप मिरामारला लावू नका. जगभरात मिळून शार्क आपणहून माणसाला चावल्याच्या घटना वर्षाला साधारण साठ-सत्तर, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाकडच्या. आपल्याकडे जाळ्यात येते ती हातभर मोरी, कधी कानमुशीचं पिल्लू. बावीस वर्षांत ग्रँड आयलंडला मी पाण्याखाली पाहिलेली शार्क म्हणजे खडकाच्या कपारीत झोपलेली बांबू शार्क. मी टॉर्च मारला तर ती बिचारी कंटाळून आणखी आत सरकली.

शिवाय दोरी लोंबणारं यंत्र शर्यतीत चालायचंच नाही. शेकडो लोक एकमेकांच्या अंगावरून पोहत असतात. मागच्याचा हात त्या दोरीत अडकला की त्याला धक्का आणि तुमच्या पोरीच्या घोट्याला हिसका. मनगटातला पट्टा घालायला हरकत दिसत नाही, पण तो खारट पाण्यात दीड-दोन हजार वेळा हात मारताना कातडी सोलतो. घालायचाच असेल तर आयोजकांना विचारून, आणि आधी चार वेळा सरावात घालून बघून.

तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण पट्ट्याची गरज पोरीला आहे की तुम्हाला? पोरीला असेल तर माझा अंदाज असा : तलावातून समुद्रात आलेल्या पोहणाऱ्याला खालचा तळ दिसत नाही, आणि तिथेच छाती धडधडायला लागते. पायाला शेवाळाचा झुपका लागला तरी शार्क वाटते. मी शिकवलेल्या कितीतरी जणांचं असं झालंय. त्यावर उपाय म्हणजे समुद्रात सराव. जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांमधे, किनाऱ्याला समांतर, बरोबर एक जोडीदार, कमरेला नारिंगी फुगा. डोकं वर काढून दर दहा हातांनी किनाऱ्यावरची एखादी ठळक इमारत बघायची सवय लागली की अर्धी भीती जाते. आत खेचणारी पाण्याची ओढ लागली तर ओढीशी भांडायचं नाही, आडवं पोहून तिच्यातून बाहेर पडायचं. जेलीफिश चाटून गेली तर गोडं पाणी लावायचं नाही, वाळूने चोळायचं नाही, सरळ जीवरक्षकाच्या मनोऱ्याकडे यायचं. हे तिला येत असेल तर पट्टा कपाटात ठेवला काय आणि घातला काय.

आता सासूबाई. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांच्या खलाशांसाठी अमेरिकेने शार्क पळवणारी वडी शोधायला घेतली. त्या कामात, पुढे फ्रेंच स्वयंपाकासाठी घरोघरी माहीत झालेल्या ज्युलिया चाइल्ड पण होत्या. शंभराहून जास्त पदार्थ करून पाहिल्यावर लक्षात आलं की शार्कला नकोशा वाटणाऱ्या मोजक्या गोष्टींतली एक म्हणजे सडलेल्या शार्कच्या मांसाची घाण. त्यावरून तांब्याचं एक क्षार, कॉपर ॲसिटेट, आणि पाणी काळं करणारा रंग एकत्र करून वडी बनवली, जीवरक्षक जाकिटाला बांधायला. भुकेल्या शार्कच्या झुंडीपुढे तिचा टिकाव लागला नाही. तरी ती वर्षानुवर्षं वाटली गेली, कारण पाण्यात तरंगणाऱ्या पोराला आपल्याकडे काहीतरी आहे असं वाटायचं. मनगटातला पट्टा मला त्याच जातीचा वाटतो. गळ्यातल्या ताइताला मी नावं ठेवत नाही, फक्त तो बांधलाय म्हणून कोणी झेंड्यापलीकडे जाऊ नये.

म्हणजे सासूबाईंचं गणित उलटं आहे. मोरीच्या वासाने मोरी आली नसती, झालंच तर पळाली असती. तरी शर्यतीच्या आदल्या रात्री आंबट-तीख नकोच. पोहून झाल्यावर ९० किलोमीटर सायकल आणि २१ किलोमीटर धावायचंय, आणि तुमच्या घरी मिरच्या किती घालतात ते मला माहीत नाही. शर्यत संपल्यावर मात्र भरपूर करा. कोकमाची सोलं विसरू नका.