वडील जाऊन आठ महिने झाले, आई सावरत नाही. समुपदेशकाकडे न्यावं का? नातेवाईक म्हणतात वर्षश्राद्धापर्यंत थांबा.

थांबू नका. ‘वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू’ हे मला आमच्या दादाने सांगितलं होतं आणि त्यात माझे सात महिने गेले.

एप्रिल २०२१, कोरोनाची लाट. नाशिकमध्ये बेडसाठी वणवण करून बायकोला एका हॉस्पिटलात दाखल केलं. आत सोडत नव्हते, म्हणून वॉर्डबॉयच्या हाती मुगाच्या खिचडीचा डबा पाठवायचो. पाचव्या दिवशी ती गेली. चेहरा लांबून दाखवला. बांगड्या, मोबाइल आणि शेवटचा डबा पिशवीत घालून हातात दिला. रामकुंडावर दहाव्याला मी आणि मुलगी, दोघंच. डबा मी उघडला नाही, तसाच माळ्यावर टाकला. तिने खाल्लं होतं की नाही, हे मला कळायला नको होतं.

हॉस्पिटलचा तो रस्ता टाळायला रोज तीन किलोमीटरचा वळसा घ्यायचो. मुलीने आईचं नाव काढलं की उठून जायचो. दादा म्हणायचा, ‘बरोबर आहे, विषयच काढू नका.’

सात महिन्यांनी समुपदेशक ताईंकडे गेलो. त्यांनी नेमकं उलट केलं. बायको गेली त्या वेळची हकीकत डोळे मिटून पुन्हापुन्हा सांगायला लावली, रेकॉर्ड करून घरी ऐकायला दिली. मग त्या रस्त्याने जायला लावलं, आधी मुलीबरोबर, नंतर एकट्याने. दहाव्या-अकराव्या भेटीनंतर डबा काढला. भरलेलाच होता. मुलीने आणि मी मिळून तो घासला आणि रात्री उशिरापर्यंत तिच्या आईबद्दल बोलत बसलो. दादाचं म्हणणं होतं, ‘पैसे देऊन रडायला कशाला जातोस?’ घरात रडू दिलं असतं तर गेलो नसतो.

‘दुःखाचे पाच टप्पे’ (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) आईवर लावत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी ते १९६९ मध्ये मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून मांडले होते, मागे उरलेल्यांशी नाही.

आठ महिन्यांनी रडू येणं म्हणजे आजार नव्हे, हेही खरं. आई जेवते, झोपते, चार माणसांत बसते, तर तिला सोबतच पुरेल. पण सहा महिने उलटूनही तीव्र दुःख तसंच असेल आणि रोजचं जगणं अडलं असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (आयसीडी-११) त्याला वेगळं निदान आहे. ‘मलाही त्यांच्याकडे जायचंय’ असं म्हणत असेल तर आजच मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

नातेवाइकांना विचारू नका. त्या सात महिन्यांत माझी मुलगी दहावीत होती. तिचं रडणं मला ऐकू आलं नाही, याला दादा नाही, मीच जबाबदार आहे. पण विचारायला मी त्याच्याकडे गेलो होतो.