बातमी कुठून आली, ते आधी बघा

प्रश्न : ताई, मणिपूरमध्ये खोऱ्यातले मैतेई आणि डोंगरातले कुकी यांच्यातला हिंसाचार ३ मे २०२३ला सुरू झाला. आमच्याकडे चर्चा मात्र झाली ती जुलैत, जमावाने दोन कुकी स्त्रियांची विवस्त्र धिंड काढल्याचा तो व्हिडिओ आल्यावर. मग पुन्हा सगळे गप्प. तिथेही शांत झालं असं समजायचं का? आणि कुठली बातमी खरी धरायची?

उत्तर : नाही, तसं समजू नका. मे २०२३मध्ये मी एका दैनिकाच्या रात्रपाळीला होते. वृत्तसंस्थेची मणिपूरच्या राजधानीची, इम्फाळची बातमी रोज यायची. पहिले दोन-तीन दिवस ती पहिल्या पानावर लागली. मग कर्नाटकची निवडणूक आली, १३ मेला निकाल लागला, आणि मणिपूर आतल्या पानावर एका कॉलमात गेलं. उशिरा जाहिरात आली की तेही उडायचं. मृतांचा आकडा वाढला तर बातमी घ्यायची, नाहीतर ठेवून द्यायची. ठेवून देणारी मीच होते, आणि ते अजून मनातून जात नाही.

त्या व्हिडिओतली घटना ४ मेची. पोलिसांत तक्रार मे महिन्यातच नोंदली गेली होती. म्हणजे कागदावर बातमी होती, दिसायला काही नव्हतं. १९ जुलैला व्हिडिओ बाहेर आला आणि दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान या विषयावर पहिल्यांदा जाहीर बोलले, सर्वोच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. अडीच महिने त्या बायकांचं कुणीच ऐकलं नाही, ही आपल्या धंद्याची लाज आहे.

आता खरं-खोट्याचं. इंटरनेट बंद होतं. मोठी वर्तमानपत्रं इम्फाळची, खोऱ्यातली. मैतेई बातमीदार कुकीबहुल चुराचांदपूरला जाऊ शकत नव्हता आणि कुकी बातमीदार इम्फाळला येऊ शकत नव्हता. मग डोंगरातल्या गावात काय झालं हे खोऱ्यात बसून, फोनवर ऐकून, नाहीतर संघटनेच्या पत्रकावरून लिहिलं जायचं. एडिटर्स गिल्ड या संपादकांच्या संघटनेने सप्टेंबर २०२३च्या अहवालात इम्फाळच्या माध्यमांना एकतर्फी म्हटलं. त्याच अहवालात एका फोटोखालची ओळ चुकली होती आणि ती त्यांनी दुरुस्त केली. तरी सदस्यांवर गुन्हे दाखल झाले, सर्वोच्च न्यायालयाकडून संरक्षण घ्यावं लागलं.

म्हणून बातमीच्या सुरुवातीला गाव कुठलं छापलंय ते बघा. घटना डोंगरातली आणि गाव इम्फाळ असेल, तर सांगणारा कोण हे शोधा. शब्दही बघा. एका बाजूचे बंदूकधारी ‘ग्रामरक्षक’ आणि दुसऱ्या बाजूचे ‘अतिरेकी’ असतील, तर लिहिणारा कुठे उभा आहे ते कळतं. डोंगरातलं आणि खोऱ्यातलं, दोन्हीकडचं वाचा. वेळ लागतो, पण दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

मणिपूरच्याच जिरीबाम जिल्ह्यातलं नोव्हेंबर २०२४ घ्या. ७ तारखेला कुकींशी नातं असलेल्या हमार जमातीच्या एका गावावर हल्ला झाला, तीन मुलांची आई मारली गेली. ११ तारखेला एका मैतेई कुटुंबातल्या तीन बायका आणि तीन मुलं पळवली गेली. नंतर त्यांचे मृतदेह नदीत मिळाले. त्यांत एक तान्हं बाळ होतं. आपल्याकडे २०ला विधानसभेचं मतदान होतं. त्या दिवसांतले अंक घरात असतील तर काढून बघा, आणि ती आई व ते बाळ कितव्या पानावर आहेत, आहेत की नाहीत, ते मला कळवा.