बोईंग ७४७ जम्बो जेटने देशांतर्गत प्रवास कुठे करता येईल? तसं विमान शोधायचं कसं?

तुमचा प्रश्न असा आहे, की ७४७ मध्ये एकदा तरी बसायचंच आहे, पण युरोप-अमेरिकेचं तिकीट परवडणारं नाही. मग एखाद्या देशात आतल्या आत, दोन शहरांमध्ये उडणारं जम्बो मिळेल का, आणि ते नेमकं पकडायचं कसं?

मिळतं. त्यासाठी चीनकडे बघा. एअर चायनाकडे प्रवासी ७४७-८ विमानं आहेत. न्यूयॉर्क, फ्रँकफर्टच्या लांब फेऱ्यांमधून मोकळी झाली की हीच विमानं बीजिंग–शांघाय, बीजिंग–ग्वांगझू अशा देशातल्या मार्गांवर लावतात. शांघायला दोन-सव्वादोन तास लागतात, ग्वांगझूला तीन तासांच्या वर. इकॉनॉमीचं साधं तिकीट काढूनही बसता येतं. फक्त अमुक नंबरची फ्लाइट म्हणजे जम्बोच, असं कायमचं ठरलेलं नसतं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की मार्ग शोधत बसू नका, विमान शोधा. कसं ते पुढे सविस्तर लिहितो. त्याआधी थोडं आपल्याकडचं सांगायला हवं, कारण हा प्रश्न वाचून मला पहिल्यांदा सहार आठवलं.

एअर इंडियाची लांबची उड्डाणं मुंबईहून दिल्लीमार्गे किंवा दिल्लीहून मुंबईमार्गे जायची, आणि मधल्या टप्प्याचं तिकीट कुणालाही काढता यायचं. म्हणजे मुंबई–दिल्लीच्या भाड्यात जम्बो. मात्र सांताक्रूझच्या देशांतर्गत टर्मिनलऐवजी सहारच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला जावं लागायचं, आणि देशातल्या प्रवाशांची कस्टम्समध्ये गल्लत होऊ नये म्हणून बोर्डिंग पासवर इंग्रजी ‘डी’ची खूण असायची. मी हा प्रवास केला आहे. आजूबाजूला परदेशी निघालेल्यांच्या ट्रॉल्यांवर दोरीने बांधलेली खोकी, मोठाल्या बॅगा, निरोपाची रडारड, आणि आपल्या खांद्याला फक्त एक पिशवी! आत शिरल्यावर डाव्या हाताला नाकाकडे जाणारा पहिला वर्ग दिसायचा, वर जाणारा जिना दिसायचा, आणि आपण उजवीकडे वळून कितीतरी वेळ मागे मागे चालत राहायचो. विमानात इतकं चालावं लागतं हेच तेव्हा नवल वाटलं होतं.

आपलं पहिलं ७४७ ‘एम्परर अशोक’, १९७१ साली मुंबईत उतरलं. खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांसारख्या कमानी रंगवलेल्या होत्या. तेच विमान १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालं आणि वांद्र्याच्या किनाऱ्यापुढे समुद्रात कोसळलं. आतले सगळे, २१३ जण, गेले. १९९० च्या दशकात सहा नवी ७४७-४०० आली. त्यांची नावं मला आजही पाठ आहेत: कोणार्क, तंजावर, खजुराहो, अजिंठा, आग्रा आणि वेल्हा गोवा. अजिंठा आणि वेल्हा गोवा या नावांची विमानं जगभर हिंडत होती, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

२०१८ च्या दुर्गापूजेला दिल्ली–कोलकाता आणि दिवाळीला दिल्ली–मुंबई मार्गावर एअर इंडियाने गर्दीसाठी मुद्दाम ७४७ लावली होती. ४२३ सीटांचं विमान दोन तासांच्या प्रवासाला! त्यानंतर अशी संधी फारशी आली नाही. मार्च २०२१ मध्ये दिल्ली–मुंबई हे शेवटचं प्रवासी उड्डाण झालं आणि २२ एप्रिल २०२४ ला ‘आग्रा’ मुंबईहून अमेरिकेला कायमचं निघून गेलं. धावपट्टी सोडल्यावर वैमानिकाने पंख झुकवून निरोप घेतला होता. भारतात आता एकाही कंपनीकडे प्रवासी ७४७ नाही. त्यामुळे इथल्या वेळापत्रकात शोधण्यात वेळ घालवू नका. मुंबई–दिल्लीला मोठी दुहेरी मार्गिकेची विमानं अधूनमधून मिळतात, पण ती ७४७ नव्हेत.

देशांतर्गत जम्बोचं खरं माहेर जपान. तिथे शहरं जवळजवळ, प्रवासी अफाट, आणि टोकियोच्या हानेदा विमानतळावर आणखी उड्डाणांना जागा नाही. मग एकाच विमानात जास्तीत जास्त माणसं बसवणं एवढाच मार्ग उरला. पण ७४७ बनलं होतं लांब पल्ल्यासाठी, म्हणजे दिवसाकाठी एखाद-दुसऱ्या उतरणीसाठी. विमान वर गेलं की केबिनमध्ये हवेचा दाब भरतो, खाली आलं की सुटतो, आणि दर वेळी सांगाड्याचा धातू थोडा थकतो. दिवसातून अनेक फेऱ्या करायच्या तर हे थकणं कित्येक पटींनी वाढणार. म्हणून बोईंगने खास जपानसाठी ७४७-एसआर हा प्रकार काढला. त्याचा सांगाडा, पंख आणि चाकांची यंत्रणा जास्त मजबूत होती. नेहमीचं ७४७ वीस वर्षांत २४,६०० उड्डाणं करेल असं धरलं होतं, तर एसआर ५२,००० साठी बनवलं होतं. १९७३ मध्ये ते टोकियो–ओकिनावा मार्गावर आलं. १९८५ मध्ये टोकियोहून ओसाकाला निघालेलं, ५२० जणांचा बळी घेणारं विमान याच प्रकारचं होतं. मात्र त्याचं कारण रचनेत नव्हतं. शेपटीकडच्या दाबभिंतीची काही वर्षांपूर्वीची चुकीची दुरुस्ती त्याला कारणीभूत ठरली.

पुढे ७४७-४००डी आलं. साडेपाचशेच्या वर सीटा, आणि पंखांच्या टोकांना नेहमीचे उभे विंगलेट नाहीत. विंगलेटमुळे इंधन वाचतं ते लांबच्या उड्डाणात; तासाभराच्या फेरीत त्यांचं वजन वाहणंच महाग पडतं. जुन्या फोटोत उभ्या टोकांशिवायचं ७४७-४०० दिसलं तर ते जपानमधलंच असावं असा अंदाज करायला हरकत नाही. जपान एअरलाइन्सने २०११ मध्ये ७४७ बंद केली. ऑल निप्पॉनने शेवटचं ४००डी ३१ मार्च २०१४ ला ओकिनावाहून टोकियोला आणलं आणि तो अध्याय संपला.

बाकी देशांचं थोडक्यात. थायलंडमध्ये बँकॉकहून फुकेत आणि चियांग माईला जम्बो मिळायचं, ते २०२० नंतर नाही. अमेरिकेत युनायटेडने नोव्हेंबर २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को–होनोलुलू हे निरोपाचं उड्डाण केलं, आणि त्याच वर्षी डेल्टानेही ७४७ काढून टाकली. रशियात मॉस्कोहून व्लादिवोस्तोककडे ७४७ जायची, पण २०२२ नंतर ते चित्र पालटलं. जर्मनीच्या लुफ्थान्साकडे अजून भरपूर ७४७ आहेत, पण ती फ्रँकफर्टहून परदेशी जाणाऱ्या लांबच्या मार्गांवर. तुम्हाला हवा तो छोटा देशांतर्गत टप्पा तिथे मिळणार नाही.

आता शोधायचं कसं ते. एसटीचा मार्ग ठरलेला असतो, पण आज कोणती गाडी येणार ते डेपो ठरवतो, इथेही तसंच. बीजिंग–शांघाय मार्गावर एअर चायनाची दिवसभर विमानं असतात आणि त्यांतलं एखादंच ७४७ असतं. पण मुळात प्रवाशांना मिळणारी ७४७-८ मोजकीच सहा आहेत. त्यांचे नोंदणी क्रमांक बी-२४८० ते बी-२४८२ आणि बी-२४८५ ते बी-२४८७. सातवं, बी-२४७९, सरकारी पाहुण्यांसाठी ठेवलेलं आहे, ते यादीतून वगळा. फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर एकेक क्रमांक टाका. त्या विमानाने गेल्या आठवड्याभरात कुठे कुठे फेऱ्या मारल्या ते फुकट दिसतं. सहाही विमानांचं असं बघितलं की चित्र आपोआप उघडतं: कोणती परदेशी गुंतलीत, कोणतं सकाळी शांघायला जाऊन दुपारी परत येतंय, कोणत्या फ्लाइट नंबरवर ७४७ पुन्हा पुन्हा दिसतं. हे दोन-तीन आठवडे सलग बघा. एकाच दिवसाच्या नोंदीवर विसंबून तिकीट काढू नका.

नंबर सापडला की बुकिंगच्या पानावर विमानाचा प्रकार तपासा. कुठे ‘७४७-८’, कुठे ‘बी७४८’, तर कुठे ‘७४एच’ असं लिहिलेलं असतं. ‘७७डब्ल्यू’ दिसलं तर ते ७७७. इकॉनॉमीत तीन-चार-तीन अशा सीटा दोन्हींत असतात, तेव्हा तेवढ्यावरून खूश होऊ नका. आसननकाशात वरचा मजला वेगळा दाखवला असेल तरच ते जम्बो. चीनमध्ये मुख्य तळावरून निघणाऱ्या फ्लाइटला सहसा विषम क्रमांक असतो आणि परतीला त्याच्या पुढचा सम. त्यामुळे जातानाचा नंबर कळला की येतानाचाही बहुतेक कळतो.

वेळापत्रकाचे हंगाम सांभाळा. मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जगभर वेळापत्रक बदलतं. फेब्रुवारीत दिसलेल्या नोंदींवर एप्रिलचं तिकीट काढणं म्हणजे जुगार आहे. चिनी नववर्ष आणि १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी या दिवसांत भाडी चढतात, ते दिवस टाळलेले बरे. आणि कितीही तपासलं तरी विमान बदलण्याचा हक्क कंपनीचाच, तेव्हा थोडे जास्त पैसे मोजून तारीख बदलता येईल असं तिकीट घ्या. आदल्या संध्याकाळी उमेट्रिप किंवा व्हेरीफ्लाइट या चिनी ॲपवर फ्लाइट नंबर टाकून विमानाचा प्रकार पुन्हा बघून घ्या.

बीजिंगला दोन मोठे विमानतळ आहेत. तुम्हाला कॅपिटल हवा, २०१९ मध्ये सुरू झालेला दाशिंग नव्हे. शांघायमध्येही दोन आहेत, आणि देशातल्या फेऱ्यांसाठी होंगचाओ बघा. या दोन शहरांच्या मधल्या हवाईमार्गाला उड्डाणासाठी मिळणाऱ्या वेळा मोजक्या आणि मागणी प्रचंड, म्हणूनच तिथे मोठी विमानं परवडतात. रेल्वेमार्गाने १,३१८ किलोमीटर होणारं हे अंतर बुलेट ट्रेन साडेचार तासांच्या आसपास कापते, तरीही ही विमानं भरतात.

भारतीय पासपोर्टवर चीनचा व्हिसा आधी काढावा लागतो. २४० तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत बऱ्याच देशांना आहे, त्या यादीत भारत नाही. तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने टाका. आपल्याकडची वडिलांचं नाव मधे घालायची पद्धत तिथल्या काउंटरवर अडचण करू शकते. आणखी एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत उड्डाणांत ‘३सी’ हा चिनी सुरक्षा प्रमाणपत्राचा शिक्का नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. भारतात घेतलेल्या पॉवर बँकवर तो सहसा नसतो, सुरक्षा तपासणीत ती तिथेच सोडून द्यावी लागेल. तेव्हा ती घरीच ठेवा.

सीटबद्दल माझं मत ठाम आहे. वरच्या मजल्यावर तुमच्या भाड्यात जागा मिळत असेल तर विचार न करता घ्या. तिथे भिंत आणि खिडकीच्या सीटच्या मधे सामान ठेवायचे बंदिस्त कप्पे असतात, हात टेकवायला ऐसपैस जागा मिळते. ती मिळाली नाही तर खाली पंखाच्या थोडं मागे, खिडकीशी. तिथून एकाच बाजूची दोन्ही इंजिनं दिसतात. ७४७-८ च्या इंजिनांची मागची कड दातेरी असते, आवाज कमी करण्यासाठी. आणि पंखाचं टोक ४०० सारखं उभं नसून मागे निमुळतं होत गेलेलं असतं. उड्डाणाच्या वेळी पंख भार घेऊन वर वाकतो आणि उतरताना मागचे फ्लॅप एकामागून एक बाहेर सरकतात, ते बघायला याहून चांगली जागा नाही. पैशाची थोडी सोय असेल तर मी नाकातल्या पहिल्या वर्गाचं भाडंही बघून ठेवेन. वैमानिक वरच्या मजल्यावर बसतो, त्यामुळे खाली नाकात बसलेला प्रवासी त्याच्याही पुढे असतो. हे सुख लांबच्या उड्डाणात घ्यायचं तर भाडं आवाक्याबाहेर जातं. दोन तासांच्या फेरीत निदान विचार तरी करता येतो.

गेटवर जरा लवकर पोहोचा. आत शिरण्याआधी काचेतून पोटाखालची चाकं बघा: मागे चार-चार चाकांचे चार संच आणि पुढे दोन, एकूण अठरा. शक्य असेल तर जाता-येताचं तिकीट वेगवेगळं काढा. जाताना जम्बो मिळालं, तर शांघायला एक रात्र राहून परत येताना बुलेट ट्रेन पकडा. ऐनवेळी विमान बदललं, तर परतीसाठी दुसऱ्या दिवशीची ७४७ ची फेरी शोधायला तुमच्या हातात वेळ राहील.